दिवस मावळायच्या आत

मिरजेला निघताना चंदनबालाबाईंच्या मांडीवर औषधांच्या तीन पिशव्या होत्या. एक साखरेच्या डॉक्टरांची, एक पोटाच्या डॉक्टरांची आणि एक नसांच्या डॉक्टरीणबाईंची. "सगळी औषधं आणा आणि घरातली सगळी माणसं आणा," असं डॉक्टर शिवांजलींनी बाईंच्या मुलाला, भरतेशला, बजावलं होतं. औषधं पिशवीत बसली. नातू यशराज शेजाऱ्यांकडं राहिला, तरी बाकीची माणसं गाडीत बसवताना भरतेशच्या नाकी नऊ आले. बहीण राणीला आईशेजारी बसायचं होतं, बायको प्रीतीला आईशेजारी बसणं भागच होतं आणि अजितकाकांना कुणाच्याच शेजारी बसायचं नव्हतं. शेवटी काका पुढं बसले, नणंद-भावजय मागच्या दोन खिडक्यांना आणि मधे आई, हनुवटीखाली स्वतःचीच मूठ टेकवून.

आठ महिन्यांत ती मूठ कायमची झाली होती. मान धरत नव्हती, जबडा चावता चावता थकायचा, आवाज नाकातून यायचा. सकाळी तर डाव्या डोळ्याची पापणी बोटानं वर धरून बाई देवळात पारसनाथाचं दर्शन घ्यायच्या. कुंडल गावातल्या बायका आधी हसल्या, मग हळहळल्या आणि मग त्यांना सवय झाली.

आजाराचं नाव मायस्थेनिया. ते घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही, 'नसांचं' एवढंच सगळे म्हणायचे. डॉक्टर शिवांजली पाटणच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. "मोटर चांगली हाय, विहिरीला पाणी हाय, फक्त लाइट मोटरपातुर पोचत न्हाई. ही गोळी म्हंजे लाइट. चार-पाच तास राहती आन जाती. म्हणून पुन्हा पुन्हा घ्यायची, वेळ चुकवायची न्हाई." शेतीपंपाची लाइट पाळीपाळीनं येणाऱ्या घराला हे कळलं नाही, असं कुणी म्हणू नये. सगळ्यांना नीट कळलं होतं. तरीसुद्धा जे व्हायचं ते झालंच.

आदल्या दिवशी सकाळी देवळातून येऊन बाईंनी दुधात कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास घेतला आणि तो घशातच राहिला. ना आत, ना बाहेर. ओठ निळे पडले. भरतेशनं पाठीत थापट्या मारमारून घास बाहेर काढला, तसंच उचलून मिरजेला नेलं. डॉक्टरांनी श्वास मोजला, औषध दिलं, संध्याकाळपर्यंत नजरेसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आज घरी न्या. पण हे काठावरचं काम आहे. उद्या सगळे या. पुढचं ठरवायलाच हवं."

पुढचं म्हणजे पुण्याचं ऑपरेशन. छाती उघडून आतली एक गाठ काढायची. भरतेशनं मनानं ते ठरवूनच टाकलं होतं. राणीला साताऱ्याला फोन गेला, ती रातोरात आली, आणि येताना आपला रागही बरोबर घेऊन आली.

"आईची ही दशा झाली आन मला काल कळतंय," ती गाडीत तिसऱ्यांदा म्हणाली.

"मला काय झालं न्हाई," आई मुठीवरून म्हणाली. "घास मोठा झाला. बोलू नगा आता, मला डुलकी लागतीया."

डुलकी कसली, पापण्याच मिटत होत्या. प्रीतीनं सासूच्या डोक्यामागं उशी सरकवली. राणीनं ती काढून पुन्हा आपल्या पद्धतीनं लावली.

*

डॉक्टर शिवांजलींनी तिन्ही पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या. टेबल भरलं. त्या एकेक पाकीट उचलत, बघत, बाजूला लावत होत्या. समोर दोनच खुर्च्या. एकीवर आई, दुसरीवर काका. बाकीचे भिंतीला.

"डॉक्टर, पुण्याची तारीख घेऊ का?" भरतेश म्हणाला.

"घेऊ की. मी ऑपरेशनला न्हाई म्हणत नाही. पण यांची साखर अशी, श्वास असा. स्टेरॉइड वाढवावं तर साखर उसळते, न वाढवावं तर घास उतरत नाही. एका दोरीला ओढलं की दुसरी गाठ आवळते. असल्या पेशंटला पुण्याला पाठवायच्या आधी मला एक कोडं सोडवायचंय." त्या आईंकडं वळल्या आणि बोलीत उतरल्या. "आवं आई, ह्या आजारात माणूस सकाळी ताजं असतंय. दिवस चढंल तसं गळतंय. तुमचं उलटं का? तुमचा घास सकाळीच का अडकतो?"

आईनं हनुवटीखालची मूठ बदलली.

"आन मागच्या महिन्यात हितं भरती होता तवा सलाइनमधनं औषध दिलं. दोन दिवसांत घडाघडा बोलायला लागलात. घरी गेलात, आठवडा झाला न्हाई तर पुन्हा तेच. म्हंजे घरी काहीतरी निराळं होतंय."

राणी हे ऐकायलाच टपली होती म्हणा ना. 'घरी काहीतरी' हे दोन शब्द तिला पुरले. लग्न होऊन साताऱ्याला गेलेल्या लेकीला माहेरचं घर रोज दिसत नाही, म्हणून ते तिला रोज संशयास्पद वाटतं. तिच्या मनात होतं एवढंच, की आपली आई झिजतेय आणि आपण लांब आहोत. पण ते सरळ म्हणण्याऐवजी ती म्हणाली, "घरी आईची औषधं प्रीती बघते. सगळी. आम्हाला कुणाला हात लावू देत नाही."

"राणी," भरतेश म्हणाला.

"खोटं बोलते का मी? विचार तिला."

प्रीतीनं मान वर केली नाही. ती सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं की शेतातलं काम जड जाईल. शेतात कुणी पाठवलंच नाही. जड गेला तो सूर्य. या घरात दिवस मावळला की चूल बंद, ताट बंद, काकांच्या आणि सासूबाईंच्या बाबतीत पाण्याचा घोटसुद्धा बंद. तिच्या माहेरीही जैनच, पण तिथं दिवसा जेवायचा नियम पर्वाच्या दिवसांत पाळला जायचा. इथं बाराही महिने.

"कुणी कुणाला इचारायचं न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. "आई, तुम्हीच सांगा. सकाळपास्नं दिवस कसा जातो? उठल्यापास्नं."

"काय सांगायचं? पहाटं उठती. आंगूळ करती. देवळात जाती. अभिषेक बघितल्याबिगार तोंडात पाणी घेत न्हाई मी. मग घरी येऊन गोळी, मग खाणं."

"बरं."

"दुपारची गोळी दुपारी. जरा पडती. मग दिवस मावळायच्या आत जेवण. गोळी."

"मग?"

"मग काय. जप करायचा, निजायचं."

"आन निजतानाची गोळी?"

आईनं हनुवटीखालची मूठ काढली, तशी मान एका बाजूला कलली. कललेल्या मानेनंच तिनं सुनेकडं बघितलं. ती नजर राणीला कळली नाही, भरतेशला कळली नाही. प्रीतीला कळली. 'गप बस' अशी ती नजर होती, आणि त्यात धाक नव्हता, विनवणी होती. एवढी वर्षं त्या दोघी एकमेकींना असंच बघत आल्या होत्या.

प्रीतीच्या डोळ्यांसमोर कालचे निळे ओठ आले.

"आई रात्रीची गोळी संध्याकाळच्या गोळीबरोबरच घेतात," ती म्हणाली. "जेवतानाच. दोन्ही एकदम. मीच देते."

"प्रीती," आई म्हणाली.

"मला वाटलं, गोळी पोटात गेली म्हणजे झालं. साडेपाचला काय आणि दहाला काय." तिनं डॉक्टरांकडं बघितलं. "खरंच असंच वाटलं मला डॉक्टर."

शिवांजलींनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून आईंच्या अगदी समोर बसल्या. "म्हंजे दिवस मावळल्यावर चार तासांनी लाइट जाती ती सकाळी देवळातनं परत येईपातुर येतच न्हाई. उभी रात्र. आन त्या अंधारात तुम्ही घास गिळायला बघता." मग त्यांनी पोटाच्या डॉक्टरांची सगळी पाकिटं एकत्र केली. "आन दोन गोळ्या एकदम घेतल्या की पोटात मुरडा. व्हय का न्हाई? ही आख्खी पिशवी त्या मुरड्यासाठी हाय. चूक माझी पण आहे. जैनाचं घर, मी पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं. विचारलं न्हाई."

"आठ महिने," राणी म्हणाली. ती भिंतीपासून सुटून प्रीतीसमोर आली होती. "आठ महिने तुला ठाऊक होतं. दादाला सांगायचंस. काकांना सांगायचंस. मला एक फोन करता आला नाही तुला?"

"नाही आला."

"का?"

प्रीतीनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. भरतेश टेबलावरच्या गोळ्या बघत होता. तिथून काही मदत येणार नव्हती, हे तिला समजलं.

"कारण आई माझं झाकतात आणि मी त्यांचं झाकते," ती म्हणाली. "मी रात्री जेवते, राणीताई. यशराज पोटात होता तेव्हापासून. मला दिवसा अन्न जायचं नाही, रात्री भूक लागायची. तेव्हा आईंनी पहिल्यांदा ताट झाकून ठेवलं. मग तो झाला, अंगावर पीत होता, मग सवयच झाली. आई रोज माझ्या वाटणीचं झाकून ठेवतात आणि सगळ्यांना सांगतात की प्रीती आमच्याबरोबरच जेवली. मी खोलीत दार लावून खाते, कधी ताटातलं, कधी किटलीत मॅगी करून. मग त्यांनी मला एवढंच म्हटलं, की गोळीचं कुणाला बोलू नकोस. कोणत्या तोंडानं बोलणार होते मी?"

 अजितकाका उठले. देवळाचे ट्रस्टी, लग्न न केलेले, भरतेशचे वडील आण्णा गेल्यापासून घराचे कर्ते. त्यांना दिसू नये म्हणून भरतेश अजून पान खाऊन टपरीच्या मागं जाऊन थुंकायचा. काकांनी टोपी डोक्यावर नीट केली आणि ते बाहेर निघून गेले.

"झालं," भरतेश पुटपुटला.

आईचं मात्र काकांकडं लक्षच नव्हतं. "डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, शब्द नाकातून, एकेक उचलून ठेवल्यासारखे. "पुण्याला न्या. छाती फाडा. नियम न्हाई सोडायची मी."

"आई, मी नियम मोडा म्हणणारी कोण? पण रात्रीची गोळी घेऊन बघितल्याबिगार ऑपरेशनला पाठवणं मला पटत न्हाई. गोळीनं सगळं भागंल असंही सांगत न्हाई. पुढंमागं ऑपरेशन लागंलही. पण असल्या कमजोर छातीनं गेलात तर भूल दिल्यावर श्वास मशीनवरनं सुटंल का, हे मी छातीठोक सांगू शकत न्हाई."

"रात्री इंजेक्शन देता येणार नाही का? तोंडावाटे नाही जायचं," भरतेशनं विचारलं.

"रोज, घरी? धोक्याचं आहे. दवाखान्यात जमतं ते घरी जमत न्हाई."

"मग मुनिमहाराजांची परवानगी घेऊ."

"ज्यांच्यापुढं नियम घेतला ते महाराज समाधी घेऊन गेलं," आई म्हणाली. "कुणाला इचारतोस? आन मी एकटीनं घेतलेला न्हाई. जोडीनं घेतलाय. मी आन तुज्या वडलांनी, डोंगराच्या पायथ्याला, चातुर्मासात. त्यांनी त्यांचा शेवटच्या दिसापातुर पाळला. आमच्या दोघांत आता तेवढंच चालू राहिलंय, बाळा. बाकी सगळं सपलं. ते बी सोडू व्हय?"

 डॉक्टरांनी दुपारची गोळी तिथंच पाण्याबरोबर दिली, हनुवटी छातीला लावून घोट कसा घ्यायचा ते पुन्हा दाखवलं, आणि प्रीतीच्या हातात पाकीट ठेवलं. "संध्याकाळी सातला एक. निजताना एक. पहाटे डोळा उघडला की एक, देवळात जायच्या आधी. आन एक ध्यानात ठेवा, घोट उतरतोय तोवरच गोळी द्यायची. उशीर केला तर गोळीच अडकंल. मग कुठं थांबायचं न्हाई, सरळ हितं आणायचं."

*

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप सुरू झालं, की या भागात घड्याळाचा भरवसा धरू नये. पलूसच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीचा टायर फुटून ती रस्त्यात आडवी बसली होती. मागं ट्रॅक्टरांची रांग, त्यामागं एसटी, त्यामागं भरतेशची गाडी. ट्रॅक्टरवरची गाणी एकमेकांवर आदळत होती. डाव्या हाताला उसाच्या तुऱ्यांवर सूर्य टेकला होता.

 काका पुढं काचेतून बघत बसले होते. प्रीतीला त्यांच्या टोपीची फक्त मागची कड दिसत होती, आणि ती कड बघून ती मनात सामान भरत होती. विश्रामबागेत जायचं, महिनाभर राहायचं, मग बघू. राणीची तिच्याकडं पाठ होती.

"प्रीती," आई म्हणाली. "दिवस हाय अजून. दे दोन्ही गोळ्या. जेवान राहू दे."

ही रोजची मागणी होती. रोज प्रीती दोन गोळ्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची. आज तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

"नाही आई. सातला एक. डॉक्टरांनी सांगितलंय."

"साताला दिवस आसतोय व्हय?"

"नसतो."

"मग?"

"मग सातला देते."

"तू बी उलटलीस माज्यावर," आई म्हणाली. तिला रडताही धड येत नव्हतं. चेहऱ्याचे स्नायू साथ देत नव्हते, नुसतं पाणी वाहत होतं. राणीनं ते पुसायला हात पुढं केला आणि तेव्हा तिला भावजयीचा हात दिसला. पर्सच्या पट्ट्यावर आवळलेला, मनगटावरचं घड्याळ पुन्हा पुन्हा स्वतःकडं वळवणारा. जी बाई आईला त्रास द्यायला बसली आहे ती अशी मिनिटं मोजत नाही, एवढं राणीला कळत होतं. तिनं आईचे डोळे पुसले आणि काही वेळानं म्हणाली, "देऊ नकोस प्रीती. बरोबर आहे तुझं."

सूर्य गेला. ट्रॉली तिथंच होती. आईची मूठ हनुवटीखालून घसरायला लागली, तशी राणीनं आपला तळवा तिथं लावला. पापण्या मिटल्या. आईनं आवंढा गिळला आणि घशात तो बारीकसा खरखरीत आवाज आला, जो कालपासून प्रीतीला सारखा ऐकू येत होता.

"आई, घोट उतरतोय का? सांगा मला. आई?"

"उ... तर... तोय."

"सात वाजले." प्रीतीनं गोळी काढली. "घ्या आता. पाया पडते तुमच्या."

आईनं ओठ मिटून घेतले. तेवढं बळ कुठून आलं देव जाणे.

"आई, मी पण रात्री खातो," भरतेश एकदम स्टेअरिंगकडं बघत म्हणाला. "एकटी प्रीती नाही. मी ढाब्यावर खातो, घरी येऊन तिच्याबरोबर पण खातो. दवाखान्यात बोललो नाही मी. बायकोला एकटीला उभी केली." त्यानं आरशात आईकडं बघितलं. "आमच्यासारख्यांसाठी कशाला गं स्वतःचे हाल करतीस?"

"तुजं ठाऊक हाय मला," काका म्हणाले.

मिरजेपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द.  काका सीटवर वळले. त्यांना सत्तरी जवळ आलेली, वळताना कंबर लागली, तरी ते पूर्ण वळले आणि वहिनींकडं बघून बोलायला लागले. लहानपणापासून या वहिनींच्या हातचं खाल्लेलं, त्यामुळं आवाज चढवायची सवयच नव्हती.

"वयनी, मॅगीचा वास काय फक्त तुमच्याच नाकाला येतो व्हय?"

आईनं एक पापणी कशीबशी उचलली.

"माजी खोली प्रीतीच्या खोलीला लागून हाय. यशराज पोटात होता तवापासनं ठाऊक हाय मला. कशाला बोलू? पोर उपाशी निजती का जेवून निजती, याची चौकशी मी करायची?" त्यांनी अवघडलेली कंबर सावरली. "मी मघाशी बाहेर गेलो ते रागानं न्हाई. मला आण्णा आठवला. प्रीतीला पहिल्यांदा ताट झाकून ठेवलं त्या सांजंला तुमी काय एकट्या होता?"

आईची पापणी पुन्हा मिटली.

"मी पडवीत होतो. आण्णा तुमाला म्हणाला, 'झाकून ठेव गं. पोटुशी पोर उपाशी निजली तर आपला नियम कुणाच्या उपेगाचा?' म्हणाला का न्हाई?"

"म्ह... णालं," आईच्या तोंडून कसंबसं आलं.

"आता मला सांगा. शास्त्र काय म्हणतं? करणं, करवणं आन कुणी केलं त्याला मान डोलावणं, तिन्ही सारखंच. रोज रात्री तुमी दोघांनी त्या पोरीला जेवू घातलंत. म्हंजे नियम त्याच दिवशी मोडला, वयनी. जोडीनं घेतला आन जोडीनं मोडला. माज्यासारखा शास्त्र घोकलेला माणूस शेजारच्या खोलीत वास घेत गप बसला, म्हंजे माजा बी मोडला. पर मला इतकी वर्षं झोप चांगली लागली. कारण घरात कुणी उपाशी न्हवतं."

पुढं कुठंतरी ट्रॅक्टर गुरगुरला. माणसं ओरडत ट्रॉली बाजूला ओढत होती.

"ती पोर तुमच्यासाठी आज भरल्या दवाखान्यात माज्यापुढं उघडी पडली," काका म्हणाले. "आण्णा असता तर तुमाला काय म्हणाला असता?"

प्रीती रडत होती, राणीही रडत होती, आणि दोघींचे हात आईच्या हनुवटीखाली एकमेकांत अडकले होते. काकांनी पायाजवळची पाण्याची बाटली उचलली. सूर्य मावळल्यावर त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. त्यांनी झाकण फिरवलं, टोपणात पाणी ओतलं आणि ते मागं धरलं. हात लांबवल्यानं थोडं पाणी सीटवर सांडलं.

"घ्या. करवणं माज्या वाटणीला."

आईनं त्या टोपणाकडं बघितलं. मग तिनं ओठ उघडले. प्रीतीनं गोळी जिभेवर ठेवली. राणीनं हनुवटी छातीकडं खाली नेली, डॉक्टरांनी दाखवली होती तशी. काकांनी टोपण ओठाला लावलं. भरतेश आरशातून बघत होता. एक घोट. आईनं डोळे मिटले, कपाळाला आठी पडली, गळा एकदा वर-खाली झाला, थांबला, पुन्हा एकदा झाला.

"गेली," ती म्हणाली. मग ओठ हलत राहिले. णमोकार मंत्र चालला होता.

ट्रॉली बाजूला झाली. रांग हळूहळू सरकायला लागली. पाऊण तासानं पलूस मागं गेलं, तसं आईनं हनुवटीखालचा लेकी-सुनेचा हात बाजूला केला आणि मान स्वतःची स्वतः धरून बघितली. धरली. पापण्याही उघडल्या. तिनं खिडकीतून बाहेर अंधारात बघितलं. रात्रीचा हा रस्ता डोळे उघडे ठेवून बघून तिला बरेच दिवस झाले होते. कुंडलाचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घरी गेल्या गेल्या चूल पेटीव," ती म्हणाली, आणि आवाज नाकातून नव्हता, पहिल्यासारखा होता. "तुला, भरतेशला, राणीला. भाकरी टाक, पिठलं कर. आन आजपासनं खोलीत दार लावून खायाचं न्हाई. सैपाकघरात पाट मांडून जेवायचं."

प्रीतीनं आरशात बघितलं. काका समोर रस्त्याकडं बघत होते.

"दिवा लावून," ते म्हणाले. "अंधारात काय जेवता व्हय."